एकोणिसाचे चोवीस

मी एक जुनी बर्फगाडी आहे, मित्रांनो. माझा रंग पिवळा होता, पण आता तो सांगावा लागतो. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपली चांगली कामं सांगतात. तशी कामं मीही केली आहेत. पण ती सांगायला गेले की फीनामावशींचा डावा पाय डोळ्यांपुढे येतो आणि शब्द अडतात. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते, ही माझ्या लाजेची गोष्ट आहे.

लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर लून कोव्ह नावाचं साठेक घरांचं गाव आहे. ऑक्टोबरात मालबोट शेवटची फेरी करते, त्या फेरीला मी धक्क्यावर उतरले. माझ्याबरोबर आणखी दोन गाड्या होत्या, सडपातळ, टोकदार नाकाच्या. त्यांच्याभोवती तरुण पोरं जमली. पोटाखालचा, चाकांच्या जागी फिरणारा माझा पट्टा रुंद, बैठक जाड, अंग बोजड. माझ्याकडे एकच बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, लोकरीचे हातमोजे घातलेल्या. त्यांचं नाव ट्रायफीना लेथब्रिज, पण सगळं गाव त्यांना फीनामावशी म्हणे.

त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हिच्या वरच्या गिअरला दात किती?"

"मावशी, लोक रंग विचारतात, वेग विचारतात. तू दात काय विचारतेस? घोडा घेतेयस का?"

"घोडा घेताना दातच बघतात. किती आहेत सांग."

"बावीस."

"मला एकोणीस पाहिजेत. आणि चेन रुंद लागेल, तेरा पात्यांची. अकराची नको."

दुकानदार हसला. "एकोणीस दातांवर गाडी पळायची नाही मावशी, नुसती चालेल."

"मग चालू दे. माझ्या लाकडांना कुठं जायची घाई आहे?"

मित्रांनो, हे दातांचं प्रकरण तुम्हाला समजायला हवं. माझ्या कुशीत एक बंद पेटी आहे. तिच्यात वर एक लहान दातेरी चाक, खाली एक मोठं, आणि दोघांना जोडणारी साखळी, तुमच्या सायकलीला असते तशी, पण पुष्कळ पात्यांची आणि तेलात बुडालेली. इंजिनाचा सगळा जोर त्या साखळीवरून माझ्या पट्ट्याला मिळतो. वरच्या चाकाला दात कमी असले की गाडी हळू जाते, पण ओढते जबरदस्त. दात वाढवले की गाडी पळते, पण ओझं आलं की तिचा दम सुटतो. दोन्ही एकदम मिळत नाही. काय हवं ते आधी ठरवावं लागतं.

फीनामावशींचे यजमान होरेस हयात असताना म्हणत, "आधी वजन ठरव, मग दात." होरेस छातीच्या दुखण्यानं गेले आणि त्यांचं लाकडं आणायचं काम मावशींनी उचललं. खाडी ओलांडून, टेकडीपलीकडच्या रानातून स्प्रूस झाडांची वाळलेली खोडं तोडून आणायची, स्वतःच्या चुलीसाठी आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या पाच घरांसाठी. माझ्यामागे कोमॅटिक जोडलेली असे. कोमॅटिक म्हणजे लांब लाकडी घसरगाडी. तीवर खोडं रचून दोरानं आवळली की माझ्यामागे एक लहानसं घरच निघाल्यासारखं दिसे.

एकोणीस दातांचं चाक मावशींनी स्वतः बसवलं. साखळी चढवली, ताणाचा बोल्ट बोटांनी घट्ट केला आणि मग अर्धा फेरा मागे घेतला. "गळ्यातल्या मफलरसारखी," त्या पुटपुटल्या. "गळफास नको आणि लोंबायलाही नको." मग तेल ओतलं. दर महिन्याला त्या पेटी उघडून बघत. माझ्या पोटात काय चाललंय हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असे.

अशी मी आठ हिवाळे राबले. चर्चची नवी चूल मीच धक्क्यावरून वर नेली. त्या पाच घरांतल्या जेथ्रोकाकांची होडी बर्फातून ओढून काढली. एकदा एका नवरीला तिच्या पेट्यांसकट शेजारच्या गावी पोचवलं. इतकं करूनही, खरं सांगते, मी मनातून खूश नव्हते. त्या दोन सडपातळ गाड्या माझ्या शेजारून बर्फ उडवत जात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होई. जेथ्रोकाका खिडकीत बसून बायकोला विचारत, "फीना दिसायला लागली का?" ती म्हणे, "लागली." मग काका म्हणत, "मग ठेव किटली, यायला अजून दोन कप चहा आहे." सगळे हसत. मावशीही हसत. मी हसत नव्हते. माझं खरं मोल त्या एकोणीस दातांत होतं आणि मला त्यांचीच लाज वाटत होती. खरी लाज पुढे यायची होती.

मावशींच्या बहिणीचा मुलगा गार्लंड. तिशीतला, लग्न झालेला, बोलायला गोड, हाताला कसब असलेला आणि काम उद्यावर टाकणारा. ईस्टरच्या सणाला गावासमोरच्या बर्फावर गाड्यांच्या शर्यती होतात. त्या वर्षी नेमकं त्याच्या गाडीचं इंजिन बसलं. तो मावशींच्या दारात आला.

"मावशी, तुझी गाडी दोन दिवस दे ना."

"शर्यतीला? ती? अरे, तू शर्यत संपवशील तोवर पुढचा ईस्टर येईल."

"हसू दे लोकांना. नुसतं नाव लागू दे यादीत."

मावशींनी किल्ली दिली. "आहे तशी परत आण. एवढंच सांगते."

"तशीच आणतो, मावशी. शपथ."

गार्लंडनं आपल्या शेडमध्ये माझी पेटी उघडली. एकोणीस दातांचं चाक काढलं आणि एका मोडीत निघालेल्या शर्यतीच्या गाडीचं चोवीस दातांचं चाक बसवलं. ते चाक अरुंद होतं, म्हणून त्यानं साखळीही त्याच गाडीची घेतली, अकरा पात्यांची, वापरून ताणलेली. खालचं चाकही बदललं. ताणाचा बोल्ट त्यानं अंदाजानं फिरवला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मी धावले. मित्रांनो, मी कशी धावले ते सांगायला नको, कारण सांगताना अजून मला आनंद होतो आणि त्याचीच मला शरम वाटते. त्या दोन सडपातळ गाड्यांतली एक माझ्या मागे राहिली. मी दुसरी आले. लोक हातमोजे काढून टाळ्या वाजवत होते. जेथ्रोकाका ओरडले, "ही फीनाची? खोटं बोलता!" ढिली साखळी माझ्या पोटात पेटीच्या भिंतीवर आपटत होती, आणि तो आवाजही मला टाळ्यांसारखाच वाटला.

गार्लंडला बक्षीस म्हणून एक भलंमोठं गोठवलेलं टर्की मिळालं. ते आणि मी, दोन्ही त्यानं मावशींच्या दारात आणून उभं केलं. मावशींना फार कौतुक वाटलं.

"अरे, केलंस तरी काय हिला?"

"काही नाही, थोडी साफसफाई केली," तो म्हणाला.

खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. रविवारी येऊन सगळं पूर्ववत करायचं त्याच्या मनात होतं. पण रविवारी बदकांची शिकार निघाली, पुढच्या रविवारी त्याच्या बायकोचे वडील आले. शिवाय लाकडांचा हंगाम संपत आला होता. एखादी खेप राहिली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि मी? मी काय समजावलं? मला वाटलं, राहू दे. असंच राहू दे.

एप्रिलच्या शेवटी ऊन चढलं आणि खाडीकाठचा बर्फ मऊ व्हायला लागला. जेथ्रोकाकांच्या घरी लाकूड संपलं होतं. मावशींनी एक शेवटची खेप करायचं ठरवलं. सकाळी निघताना रिकामी कोमॅटिक होती तोवर मी मजेत गेले. रानात मावशींनी नेहमीइतकीच खोडं रचली. शेकोटीवर चहा उकळला, तव्यावरच्या पावाला लाल बेरीचा मुरंबा लावून खाल्ला आणि दोरी ओढून मला सुरू केलं.

मी हललेच नाही. इंजिन गुरगुरलं, इंजिनाचा जोर पेटीपर्यंत नेणारा रबरी बेल्ट घसरायला लागला. मावशींनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा निघाले, पण कशीबशी. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास सुटला. मावशी थांबल्या, जळालेला बेल्ट काढला, जवळचा दुसरा चढवला.

"आज काय झालंय तुला?" त्या मला म्हणाल्या. मग पायाखालच्या ओल्या बर्फाकडे बघून स्वतःशीच बोलल्या, "बर्फ जड झालाय. आणि माझंही चुकलंच, जास्त भरलं." त्यांनी दहा खोडं उतरवून वाटेच्या कडेला रचली.

त्यांनी पेटी उघडून पाहायला हवी होती, असं नंतर गावात कुणी म्हणालं. त्यांनी का उघडावी? दोनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या सख्ख्या भाच्यानं साफसफाई केली होती.

वाटेत एक उभा चढ आहे. फार पूर्वी एक पाद्री तिथून घसरत खाली आला होता, म्हणून त्याला पाद्र्याचा चढ म्हणतात. एकोणीस दातांवर मी तो शेकडो वेळा चढले होते. त्या दिवशी पाऊण चढ कसाबसा गेला. मग पोटात काहीतरी ताडकन तुटलं. इंजिन मोकळं सुटल्यासारखं किंचाळलं आणि माझा पट्टा जागच्या जागी थांबला.

मावशींनी ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीनं दाबला. पण मित्रांनो, माझा ब्रेक साखळीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला आहे. साखळी गेली की तो कितीही आवळा, पट्ट्यापर्यंत काही पोचत नाही. मी मागे घसरायला लागले. मागची लाकडांनी भरलेली कोमॅटिक आडवी फिरली. मावशींनी उडी मारली. त्या पोचल्याच होत्या बाजूला, पण डावा पाय राहिला. मी आणि कोमॅटिकचा लोखंडी आकडा, दोघांच्या मध्ये.

त्या किंचाळल्या नाहीत. बराच वेळ नुसत्या मोठमोठ्यानं श्वास घेत राहिल्या. मग कुऱ्हाडीचा दांडा घालून त्यांनी मला इंचभर उचललं आणि पाय ओढून काढला. तो गुडघ्याखाली नको तिथं वाकला होता. सरपटत जाऊन त्यांनी हाताला येतील त्या फांद्या गोळा केल्या, जाळ केला आणि त्यावर ओला पाला टाकला, धूर वर जावा म्हणून. मी शेजारी कलंडून पडले होते. माझ्या झाकणातून तेल ठिबकत होतं. मला सांगता येत होतं ते एवढंच, आणि ते कुणी वाचलं नाही.

चार वाजता गार्लंड धुराच्या दिशेनं आला. मावशी न परतल्याचं कळताच तोच सगळ्यांत आधी निघाला होता. त्यानं मावशींचा पाय पाहिला, मग मला पाहिलं, आणि तो पांढराफटक पडला. एका क्षणात त्याला सगळं कळलं.

"माझंच चुकलं रे," मावशी म्हणाल्या. "जास्त भरलं. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही, आणि आज चुकलं."

गार्लंडनं आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला. "बोलू नकोस मावशी," तो म्हणाला, "पडून राहा."

मावशींना विमानानं गूज बे या शहरात नेलं. दोन महिने त्या तिथल्या रुग्णालयात होत्या. इकडे गावानं निकाल देऊन टाकला. कुणी म्हणे, साठीला आलेल्या बाईनं कशाला जायचं? कुणी म्हणे, किती भरायचं याचा अंदाज गेला तिचा. सगळ्यांत मोठ्यानं जेथ्रोकाका म्हणाले, "फीनाचं वय झालं. आपणच थांबवायला हवं होतं." मावशींच्या बहिणीनं ठरवून टाकलं की आता लाकडं बंद. हे सगळं गार्लंड ऐकत होता. मान हलवत नव्हता, पण नाहीही म्हणत नव्हता.

मी मावशींच्या शेडमध्ये, अंगावर ताडपत्री घेऊन उभी होते. एका दुपारी गार्लंड आला. खिशातून त्यानं एकोणीस दातांचं चाक काढून बाकावर ठेवलं. दुसऱ्या हातात जुनी रुंद साखळी आणि खालचं मोठं चाक होतं. त्यानं पाना लावून झाकणाचे दोन बोल्ट सैल केले. त्याचा बेत मला कळला. चाकं बदलायची, रुंद साखळी कुठंतरी कापून तुटल्यासारखी आत ठेवायची. मग कुणालाच कधी काही कळणार नव्हतं.

आता सांगते ते सगळ्यांत वाईट आहे. माझ्या मनात आलं, कर. लवकर कर. म्हणजे मावशींच्या पायाला माझ्या मिरवण्याची फळं भोगावी लागली, हे झाकून जाईल.

पण गार्लंडला ते जमलं नाही. बोल्ट पुन्हा आवळून, चाकं आणि साखळी उचलून तो निघून गेला. धीर होता म्हणून गेला की नव्हता म्हणून, ते मला सांगता येत नाही.

जूनच्या शेवटी मावशी परत आल्या, दोन कुबड्यांवर. येऊन तिसऱ्याच दिवशी त्या शेडमध्ये शिरल्या. एक बादली पालथी घालून तीवर बसल्या, पाय पुढे लांब केला आणि माझ्या पेटीचं झाकण काढलं. काळं तेल आणि साखळीची तुटकी पाती खालच्या थाळ्यात पडली. मावशींनी एक पातं उचलून बोटांत फिरवलं. मग खडूचा तुकडा घेतला, वरच्या चाकाच्या एका दातावर खूण केली आणि मोजायला लागल्या.

"सतरा, अठरा, एकोणीस..." त्या थांबल्या. खूण अजून आली नव्हती. "वीस. एकवीस. बावीस. तेवीस. चोवीस."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आणि मित्रांनो, त्या हसल्या. रागानं नव्हे. दोन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तशा हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"माझं चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी बरोबर भरलं होतं."

दारात गार्लंड उभा होता. केव्हापासून, ते मला माहीत नाही.

"मावशी," तो म्हणाला.

त्यांनी वळून पाहिलं. हसू गेलं. "ये, आत ये. हे तूच मोज एकदा. मी म्हातारी झालेय, माझा अंदाज गेलाय."

"मावशी, नको ना..."

"मोज."

तो गुडघ्यांवर बसला. त्यानं मोजलं, चोवीसपर्यंत, मोठ्यानं.

"माझं चाक कुठाय?"

त्यानं ते खिशातूनच काढलं. तेव्हापासून तो ते बरोबर घेऊन फिरत असावा.

"मी रविवारी बदलणार होतो मावशी. खरंच."

"कुठल्या रविवारी? बेचाळीस वेळा छताच्या प्लास्टरच्या भेगा मोजल्या मी, तिथं पडून. एकच विचार, की होरेसनं मला शिकवलेली एकमेव गोष्ट मी विसरले. पाय मोडला त्याचं मी बघून घेईन. पण तू मला माझ्यावरच संशय घ्यायला लावलास, गार्लंड. तिथं बर्फात मी तुझ्यासमोर म्हणाले, माझं चुकलं. आणि तू म्हणालास, पडून राहा."

गार्लंडला रडू फुटलं. मावशींनी त्याला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. त्याचं रडणं थांबेपर्यंत त्या चाकावरचं तेल पुसत राहिल्या. मग त्यांनी बाकावरच्या हातरेडिओकडे बोट दाखवलं. आमच्या गावात फोनपेक्षा रेडिओ जास्त चालतो. प्रत्येक स्वयंपाकघरात एक असतो आणि वाहिनी एकच, म्हणून एकानं बोललेलं सगळे ऐकतात.

"मला सांगून काय उपयोग? मला चोवीस दातांनी सांगितलं. गावाला कुणी सांगायचं?"

गार्लंडनं रेडिओ उचलला. बटण दाबलं. "गार्लंड बोलतोय," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐका. फीनामावशीनं जास्त भरलं नव्हतं. शर्यतीसाठी मी तिच्या गाडीचा गिअर बदलला होता. चेन जुनी, अरुंद घातली होती. परत बदलली नाही, आणि तिला सांगितलं नाही. अपघातानंतरही सांगितलं नाही. चूक माझी आहे. तिची काही नाही."

रेडिओ खरखरला. मग जेथ्रोकाकांचा आवाज आला.

"फीना, ऐकतेयस ना? तुझं वय झालं असं मी म्हणालो होतो, आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो होतो. ते मी सगळ्या गावासमोर परत घेतो."

मावशींनी गार्लंडच्या हातातून रेडिओ घेतला. "घेतलंस ना? बरं झालं. आता वाहिनी मोकळी करा, लोकांना हवामान ऐकायचंय."

त्या दिवसानंतर बरेच हिवाळे गेले. मावशींचा पाय जुळला, पण सरळ झाला नाही. पाद्र्याचा चढ त्या पुन्हा चढल्या नाहीत. गार्लंडनं मला आणखी सहा वर्षं चालवलं, सहाही घरांची लाकडं आणली, आणि निघण्याआधी दर वेळी झाकण उघडून पाहिलं. मावशी त्याच्याशी बोलायच्या, जेवायला बसवायच्या. पण स्वतःची कुठली किल्ली त्यांनी पुन्हा त्याच्या हातात अशीच सहज ठेवली नाही. आधी विचारायच्या, "काही बदललंयस?" तो म्हणायचा, "नाही." हे सगळं मला ऐकू यायचं.

आता मी घरामागे उभी असते. माझे भाग एकेक करून दुसऱ्या गाड्यांना गेले. मला कुणी कधी दोष दिला नाही. यंत्राला कोण दोष देतं? म्हणून माझ्या वाट्याचा दोष माझ्याकडेच राहिला आहे. मावशी काठी टेकत अंगणातून जाताना दिसतात, तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं.

मित्रांनो, तुम्ही कुणाची वस्तू मागून न्याल. न्या. वापरा, तिच्यावर मजाही करा. पण तिच्यात काही बदललं असेल, एखादा स्क्रूसुद्धा, तर परत देताना तोंडानं सांगा. झाकण लावून गप्प बसू नका. ओरडा बसेल, बसू द्या. दारात बसलेला ओरडा दारातच संपतो.